पोटभर खाऊनही मुलाची उंची का वाढत नाही?
दीड वर्षाचं मूल पोटभर खातं, तरी उंची कमी, असं तुम्ही म्हणता. पोट भरलं म्हणजे पोषण झालंच असं नाही. पातळ लापशी नि बिस्किटांनी भूक भागते, पण वाढीला लागणारी प्रथिनं, लोह, जस्त पुरेसं मिळत नाही. अन्न चमच्यातून ओघळणार नाही इतकं घट्ट हवं. त्यात डाळ, अंडं, दही, वरून थोडं तेल. वारंवार जुलाब होत असतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही, तेही बघा. आणि हो, माप कसं घेतलं? दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवून मोजतात. उभ्याने माप थोडं कमी भरतं. वाढीच्या तक्त्यावरची रेघ सपाट होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. उंची वाढवणाऱ्या पावडरींवर पैसे घालवू नका.