लिनक्स (विंडोजसारखीच, पण मुक्त संगणक प्रणाली) वापरणाऱ्याने घरचे इंटरनेट निवडताना
‘लिनक्स चालेल का?’ असे कंपनीला थेट विचारू नये, असे मी सुचवेन. कारण ‘आम्ही फक्त विंडोजसाठी मदत देतो’ असे ठरलेले उत्तर येते आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी जोडणी राउटरपर्यंत येऊन तिथून साध्या इथरनेट केबलने किंवा वायफायने मिळणार आहे का, एवढेच विचारावे. तसे असेल, तर लॉगिनचे काम राउटरच करतो आणि पलीकडच्या संगणकावर कोणती प्रणाली आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. कंपनीचे स्वतःचे ‘डायलर’ (संगणकावरून लॉगिन करून जोडणी सुरू करणारे) सॉफ्टवेअर सक्तीचे असेल, तर मात्र त्या वाटेला जाऊ नये.

घरच्या मशीनवर बाहेरून एसएसएचने (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्याच्या सोयीने) शिरायचे असेल, तर सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता, मिळतो का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे. राउटरच्या सेटिंगच्या पानावरील वॅन पत्ता (कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या जोडीने सुरू होत असेल, तर आपण सीजीनॅटच्या मागे आहोत, म्हणजे कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे, असे समजावे. तिथे राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरच्या ठरावीक मशीनकडे वळवणे) कितीही नीट केले तरी उपयोग होत नाही. आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी, भरपूर पत्ते असलेली पद्धत) मिळत असल्यास मात्र वाट निघू शकते.

‘स्टार्ट बटण दाबा’ असे सांगणाऱ्या मदतनिसाशी मी एकदा बराच वेळ हुज्जत घातली होती. आता मी आधी राउटरला आणि मग ८.८.८.८ ला (गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरला) पिंग करून, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहतो, आणि दोष राउटरच्या पलीकडे, कंपनीच्या बाजूला दिसला तर तेवढेच कळवतो.