पिकअपच्या हीटर प्लगची (गार डिझेल इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) वायरिंग करपली, तयार हार्नेस (वायरींचा बांधलेला जुडगा) मिळत नाही. कोल्हापुरात नवीन बनवता येईल का?

नक्की येईल. शिवाजी उद्यमनगरात चौकशी करा. जुना हार्नेस मात्र फेकू नका, लांबी आणि वळणं त्याच्यावरूनच घ्यायची.

१२ व्होल्टचा एक प्लग साधारण १० ते १५ अँपिअर खेचतो, पहिल्या क्षणी त्याहून जास्त. चार सिलिंडरला रिलेतून (मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ६० अँपिअरच्या आसपास जातात. म्हणून बॅटरी ते रिले १० चौरस मिमी आणि प्रत्येक प्लगला स्वतंत्र २.५ चौरस मिमीची, उष्णता सोसणारी तांब्याची वायर टाका. हेडलाइटची उरलेली वायर चालेल असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका, तीच पुन्हा करपते. बॅटरीजवळ फ्यूज हवाच.

टोकांना थिंबल (वायरच्या टोकाला बसणारं धातूचं टोपण) पक्कं दाबून घ्या. नुसत्या सोल्डरवर विसंबू नका, हादऱ्यानं वायर नेमकी तिथंच तुटते. वर फायबरग्लासची स्लीव्ह.

हीटर चालू असताना प्लगच्या टोकाला मीटर लावा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त घट दिसली तर जोड ढिला आहे किंवा रिलेचे पॉइंट जळालेत. आणि प्लगही आत्ताच तपासा: वायर काढून प्लग ते बॉडी साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी यायला हवा. मीटर जोडच दाखवत नसेल (शून्य नव्हे, सर्किट तुटलेलं) तर तो प्लग गेला.