किती उरलेत, आणि एकमेकांचे कोण लागतात?

मागच्या अंकात प्राण्यांच्या डीएनएबद्दल चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच आला. म्हणून यावेळी अख्खं सदर त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : वाघाच्या विष्ठेतून वाघाचा डीएनए काढतात म्हणे. पण विष्ठेत तर त्याने खाल्लेल्या हरणाचा डीएनए असणार ना? वाघाचा कुठून येतो?

दोघांचाही असतो. विष्ठा आतड्यातून पुढे सरकते तेव्हा आतड्याच्या अस्तराच्या पेशी घासल्या जाऊन तिच्या बाहेरच्या अंगाला चिकटतात. त्यामुळे वाघ हवा असेल तर विष्ठा फोडायची नाही, वरचा तो चकचकीत बुळबुळीत थर असतो ना, तेवढाच ओल्या कापसाच्या काडीने अलगद पुसून घ्यायचा. आतले केस, हाडांचे तुकडे, खुराचा एखादा कपचा हे सगळं हरणाचं, ते आहार कळायला उपयोगी पडतं.

मग लॅबमध्ये डीएनएतल्या अशा दहा-बारा जागा बघतात जिथे दोन-चार अक्षरांचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो. कोणाकडे तो चौदा वेळा तर कोणाकडे सतरा वेळा, आणि प्रत्येक जागेचा एक आकडा आईकडून येतो, एक बापाकडून. सगळ्या जागांचे आकडे जुळले तर दोन्ही विष्ठा एकाच प्राण्याच्या, आणि प्रत्येक जागेवर एकेक आकडा जुळत असेल तर बहुतेक आई-पिल्लू किंवा बाप-पिल्लू, म्हणजे प्राणी न बघता त्याचं घराणं कळतं. नर की मादी तेही कळतं.

पण सॅम्पल नीट ठेवलं तरच. मी नवीन असताना पहिल्या हंगामातली सॅम्पल प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून गाडीत ठेवली होती, आठवडाभर ऊन आणि आतल्या आत घाम. लॅबमध्ये निम्म्याहून जास्त सॅम्पलमधून काहीच निघालं नाही आणि ज्या पाऊलवाटा पायी तुडवल्या होत्या त्या आठवून रडू आलं होतं. ओल आणि ऊन हे डीएनएचे वैरी, म्हणून आता अल्कोहोलमध्ये नाहीतर सिलिकाच्या दाण्यांवर सुकवूनच ठेवतो.

वाघाचे पट्टे कॅमेऱ्यात ओळखू येतात हे खरंय, पण अस्वलाचं किंवा रानकुत्र्याचं काय करणार? शिवाय विष्ठेत हॉर्मोनचे अंशही असतात. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळ ओर्का देवमासे आहेत, त्यांची विष्ठा पाण्यावर थोडाच वेळ तरंगते, ती शोधायला संशोधकांनी वास काढणारे कुत्रे बोटीत बसवले. डीएनएवरून कळलं मादी कोणती, हॉर्मोनवरून कळलं ती गाभण आहे का, आणि मग २००८ ते २०१४ मधल्या नोंदी लावल्यावर दिसलं की कळलेल्या गर्भधारणांपैकी साधारण ६९ टक्के वाया गेल्या होत्या. त्यांचं मुख्य खाणं असलेला चिनूक सामन मासा कमी पडत होता. नुसती डोकी मोजून हे कधीच कळलं नसतं.

प्रश्न : पक्ष्यांची जोडी आयुष्यभर एकमेकांशी एकनिष्ठ असते हे खरं का?

घरटं दोघांचं असतं, पिल्लं दोघांची असतीलच असं नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनए फिंगरप्रिंटिंग, म्हणजे डीएनएवरून कोण कोणाचं ते ओळखायची पद्धत शोधली आणि काही वर्षांतच ती चिमण्यांच्या घरट्यांवर वापरून झाली, तेव्हापासून ही समजूत ढासळत गेली. ऑस्ट्रेलियातला सुपर्ब फेअरी-रेन हा निळा चिमुकला पक्षी जोडीने राहतो, पण त्याच्या घरट्यातल्या बहुतेक पिल्लांचा बाप शेजारपाजारचा नर निघतो.

याहून नवल काँडोर गिधाडांचं. कॅलिफोर्नियातले हे पक्षी इतके थोडे उरले होते की प्रत्येकाची वंशावळ ठेवतात, आणि ती तपासताना दोन पिल्लं अशी सापडली की कुठलाच नर त्यांचा बाप ठरेना. २०२१ मध्ये जाहीर झालं की ती बापाविनाच जन्मली होती, तेही दोन्ही माद्यांसोबत चांगले धडधाकट नर असताना. दोन्ही पिल्लं नर होती आणि दोन्ही लवकर गेली.

प्रश्न : एखाद्या जंगलात प्राण्यांची संख्या वाढलीय असं कळलं की आनंद होतो. तरी तज्ज्ञ म्हणतात काळजी आहे. का?

कारण वीस प्राणी आहेत म्हणजे वीस वेगवेगळी घराणी आहेत असं नाही, कदाचित ती सगळी एकाच आजीची नातवंडं असतील. प्रत्येक प्राण्यात काही सदोष जनुकं लपलेली असतात, जोडीची दुसरी प्रत चांगली असल्यामुळे ती दबून राहतात, पण भाऊ-बहिणींत पैदास व्हायला लागली की पिल्लाला दोन्हीकडून तीच सदोष प्रत मिळते आणि दोष उघडा पडतो.

याचं माझ्या मनातून न जाणारं उदाहरण म्हणजे स्वीडनच्या दक्षिण टोकाचे ॲडर साप. हे साप अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं देतात. चहूबाजूंनी शेती झाल्यामुळे किनाऱ्याच्या एका पट्ट्यात ते अडकले होते, बाहेरून कोणी येईना, आणि माद्यांना मेलेली किंवा वाकडीतिकडी पिल्लं व्हायला लागली. १९९२ मध्ये संशोधकांनी दुसरीकडच्या मोठ्या वस्तीतून २० नर आणून सोडले, चार हंगाम ठेवले, मग जे उरले होते ते पकडून परत नेऊन सोडले. बाकी जमीन तीच आणि हवा तीच, बदललं होतं फक्त रक्त, आणि काही वर्षांत तरण्या सापांची संख्या झपाट्याने वर गेली.

फ्लोरिडा पँथरचंही तसंच, हा प्यूमा नावाच्या मोठ्या रानमांजराचाच एक प्रकार. नव्वदीच्या सुरुवातीला वीस-तीसच उरले होते, शेपटीचं टोक मुरडलेलं, हृदयात छिद्र, काही नरांचे वृषण खाली उतरलेलेच नाहीत. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ प्यूमा माद्या आणल्या, त्यातल्या पाचच व्याल्या, पण तेवढ्यावर पुढच्या वर्षांत संख्या साधारण तिप्पट झाली.

पण एकदा केलं आणि सुटलो असं होत नाही. अमेरिकेतल्या आईल रॉयल बेटावर १९९७ मध्ये एक लांडगा गोठलेल्या सरोवरावरून चालत आला, त्याच्यामुळे कळप सावरला, आणि मग तोच सगळ्यांचा आजोबा-पणजोबा होऊन बसला. २०१६ मध्ये दोनच लांडगे राहिले, एक नर आणि त्याची मुलगी, जी नात्याने त्याची सावत्र बहीणही लागत होती. शेवटी २०१८-१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे आणावे लागले.

ओडिशातल्या सिमिलिपालचे काळे वाघ तुम्ही फोटोत बघितले असतील, पट्टे एकमेकांत मिसळून गेलेले. ते सुंदर दिसतात हे मलाही मान्य आहे. पण जनुकशास्त्रज्ञ उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं की हे एका जनुकातल्या बदलामुळे होतं, आणि तो आई-बाप दोघांकडून यावा लागतो. बाकीच्या जंगलांतल्या ज्या वाघांचे नमुने तपासले त्यांच्यात तो सापडला नाही, आणि सिमिलिपालमध्ये मात्र तीनातला एक वाघ असा. म्हणजे ती वस्ती थोड्या वाघांपासून वाढलीय आणि एकटी पडलीय. २०२४ मध्ये तिथे बाहेरच्या दोन वाघिणी आणून सोडल्या त्या याचसाठी.

प्रश्न : मग कुठूनही प्राणी आणून सोडले तर चालेल?

नाही, अजिबात नाही. युरोपातल्या तात्रा डोंगरात आयबेक्स नावाचा रानबकरा सोडला होता आणि वस्ती टिकली होती, नंतर त्यात तुर्कस्तान आणि सिनाईकडच्या उष्ण भागातले त्याचे भाऊबंद मिसळले. मिश्र कळपाचा माज लवकर यायला लागला आणि करडं जन्मायला लागली फेब्रुवारीत, ऐन कडाक्याच्या थंडीत. करडं मरत गेली आणि वस्तीच संपली. म्हणून आणायचे ते शक्यतो त्याच हवामानातले, आणि थोड्याच काळापूर्वीपर्यंत ज्यांचं येणंजाणं होतं अशा शेजारच्या वस्तीतले.

प्रश्न : एवढं करण्यापेक्षा सरळ क्लोनिंग का करत नाहीत?

एकाच्या शंभर प्रती काढल्या तर शंभर प्राणी होतील, घराणं एकच राहील. आणि जंगल नसेल तर सोडणार कुठे हा प्रश्न आहेच. उत्तरी पांढऱ्या गेंड्याचा शेवटचा नर सुदान २०१८ मध्ये गेला, आता नाजिन आणि फातू या मायलेकीच उरल्यात आणि प्रयोगशाळेत तयार केलेले भ्रूण दक्षिणी पांढऱ्या गेंड्याच्या मादीत वाढवायची धडपड चाललीय. माझी मनापासून इच्छा आहे की ते जमावं, पण एवढी वेळ येऊ देणं हीच चूक होती.

तरी क्लोनिंगचा एक उपयोग मला पटतो, हरवलेलं घराणं परत आणण्याचा. अमेरिकेतले काळ्या पायांचे फेरेट (मुंगसासारखे दिसणारे छोटे मांसाहारी प्राणी) संपलेच असं वाटलं होतं, १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या एका कुत्र्याने मेलेला फेरेट घरी आणला तेव्हा कळलं की अजून आहेत. पुढे रोगामुळे ते इतके घटले की उरलेले १८ पकडून आणले, आणि आजचे सगळे फेरेट त्यातल्या फक्त सातांचे वंशज. विला नावाच्या मादीचा वंश पुढे टिकला नव्हता, पण १९८८ मध्ये तिच्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या. त्यांच्यापासून २०२० च्या डिसेंबरमध्ये एलिझाबेथ ॲन जन्मली. तिच्या गर्भाशयात दोष निघाला, ती व्याली नाही. मग त्याच पेशींतून २०२३ मध्ये अँटोनिया झाली, तिला २०२४ मध्ये तीन पिल्लं झाली, दोन जगली. म्हणजे सात पूर्वजांवर चाललेल्या या फेरेटांना इतक्या वर्षांनी आठवा पूर्वज मिळालाय.