स्वतःच्या तोंडाने विचार

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा संध्याकाळी तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणालीस, "काकू, तुम्ही एकदा आईबाबांशी बोला ना," आणि मी विषय बदलला, त्याचे तुला वाईट वाटले असेल. दोन दिवस विचार करून सांगते की मी बोलणार नाही. तुझ्या वतीने बोलणारी माणसे तुझ्याभोवती आधीच फार झाली आहेत, त्यांत माझी भर नको.

तुझी अडचण मला नीट समजली आहे. नागपूरला प्रवेश निश्चित झाला आहे, बाबांनी आठ दिवसांची रजा टाकली आहे, तू कुठे आहेस हे आईला चोवीस तास मोबाइलवर दिसायला हवे आहे, आणि तुला मात्र ठाण्याहून विदर्भ एक्सप्रेसने एकटीनेच जायचे आहे. रात्रभराच्या त्या सुमारे ८०० किलोमीटरची तुला भीतीही वाटते; ती घरी कबूल केली तर जाऊ देणार नाहीत आणि लपवली तर कोणी काही शिकवणार नाही, अशा कात्रीत तू सापडली आहेस. इथवर माझी तुला पूर्ण सहानुभूती आहे. त्यावर तू काढलेला उपाय मात्र मला मुळीच पटला नाही. "मी सगळे मोबाइलवर बघून ठेवले आहे, मला कोणाला काही विचारावेच लागणार नाही," असे तू अभिमानाने म्हणालीस. कोणाला काही विचारावे न लागणे म्हणजे स्वावलंबन, हीच समजूत एके काळी आमच्याही घरात होती आणि तिची किंमत माझ्या मुलाने मोजली.

२००६ साली त्याला सांगलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. तोवर त्याचा प्रत्येक अर्ज मी भरला होता, प्रत्येक खिडकीपाशी त्याचे वडील उभे राहिले होते, आणि पोटात नेमके कुठे दुखते हेसुद्धा डॉक्टरांना मीच सांगत असे. दिवाळीच्या सुट्टीत तो पहिल्यांदा एकटा घरी यायला निघाला. पुण्याला गाडी बदलायची होती. तिथे त्याचे पाकीट मारले गेले. पैसे आणि पुढचे तिकीट त्यातच होते, मोबाइलची बॅटरी संपलेली होती. चौकशीची खिडकी समोर दिसत असताना तो दुपारी दोनपासून रात्री नऊपर्यंत बाकावर बसून राहिला. अखेर एका हमालानेच जवळ येऊन "बाळा, कुठे जायचंय?" असे विचारले आणि त्याला रेल्वे पोलिसांकडे नेले. त्याचे वडील रात्रीच निघून सकाळी त्याला घेऊन आले. तो एवढेच म्हणाला, "काय बोलायचे ते सुचेना." गणितात अठ्ठ्याण्णव गुण मिळवणाऱ्या मुलाला 'माझे पाकीट चोरीला गेले आहे, मला घरी एक फोन करू द्या' हे वाक्य सुचले नाही, कारण तसले वाक्य उच्चारण्याची वेळ आम्ही अठरा वर्षांत त्याच्यावर एकदाही येऊ दिली नव्हती. ती चूक माझी होती, आणि अजूनही पुणे स्थानकातले बाक दिसले की माझा जीव कासावीस होतो.

म्हणूनच गेल्या महिन्यात तू आणि आई बँकेत भेटलात तेव्हा मी अस्वस्थ झाले. तुला अठरा पूर्ण झाल्यामुळे अल्पवयीन म्हणून असलेले खाते सज्ञानाचे करून घ्यायचे होते, नवी सही, नवी कागदपत्रे द्यायची होती. बँकेतल्या बाईंनी तुझ्याकडे बघून पत्ता विचारला आणि उत्तर आईने दिले. जन्मतारीख विचारली, तीही आईनेच सांगितली. तू सही तेवढी केलीस. तुझी आई प्रेमळ आहे, मीही तशीच प्रेमळ होते, आणि त्या प्रेमाने काय होते ते मी पाहिले आहे.

स्वतःच्या तोंडाने विचार. दुसऱ्या कोणत्याही तयारीपेक्षा मी हिला अधिक महत्त्व देते.

धाकट्या मुलीच्या वेळी मी तसे होऊ दिले नाही. २०१० च्या मे महिन्यात, ती सोळा वर्षांची असताना, मी तिला दिव्याहून सुटणाऱ्या सावंतवाडीच्या गाडीत एकटीला बसवले. चिपळूणला तिच्या मावशीकडे जायचे होते. वाटेत तिला डुलकी लागली आणि चिपळूण मागे पडले. ती सावर्ड्याला उतरली, स्टेशन मास्तरांना विचारून महामार्गावर आली, कंडक्टरला विचारून एसटीने चिपळूणला परतली आणि मावशीकडे उशिरा का होईना, आपल्या पायांनी पोहोचली. त्या वर्षी गणपतीत माझ्या दिरांनी सगळ्यांदेखत मला विचारले, "वहिनी, पोरगी जड झाली होती का?" मी तेव्हा गप्प बसले, म्हणून आता लिहिते. मी निष्ठुर नव्हते. त्या दिवशी मी सकाळपासून फोनपाशी बसून होते आणि दुपारचे जेवण मला गेले नव्हते. तिने स्टेशन चुकवले, पण तोंड उघडले, आणि मला तेवढेच हवे होते. आजही तिला मी त्याच गाडीत बसवीन.

विचारण्यालाही रीत असते आणि ती सवयीनेच अंगी येते. खिडकीवरच्या माणसाला, गणवेशातल्या कर्मचाऱ्याला किंवा लेकुरवाळ्या बाईला विचारावे, आणि एकाने सांगितलेले दुसऱ्याकडून पडताळून घ्यावे. 'ही गाडी नेरूळला जाते ना?' असे विचारलेस तर घाईतला माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. 'ही गाडी कुठली?' असे विचारलेस तर त्याला विचार करून उत्तर द्यावे लागते. आपण न विचारता मदतीला येणाऱ्याच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देण्याचे बंधन आपल्यावर नाही. 'एकटीच आहेस का?' याला 'वडील पुढच्या डब्यात आहेत' असे बेलाशक सांगावे. रात्री डब्यात कोणी त्रास दिला तर टीसींना गाठावे किंवा १३९ ला फोन करावा. वसतिगृहात रॅगिंग झाले तर १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, पण तिथेही काय घडले ते तुलाच सांगावे लागेल. घरचे तीन क्रमांक पाठ कर आणि कागदावर लिहून पाकिटात नव्हे, पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेव. मोबाइल बंद पडल्यावर मोबाइलमधले काहीच कामाला येत नाही, हे पुन्हा पुन्हा सांगायचा मला आता कंटाळा आला आहे.

पण पहिली परीक्षा नागपूरच्या वाटेवर देऊ नकोस. चुका घराजवळ स्वस्तात होतात. कळव्याला जायचे म्हणून जो ठाण्याला जलद गाडीत चढतो तो दिव्याला नाहीतर डोंबिवलीला उतरतो आणि अर्धापाऊण तास गमावून शहाणा होऊन परततो. तेव्हा येत्या रविवारी मोबाइल पिशवीत ठेवून नेरूळला जा. ठाण्याच्या नऊ आणि दहा नंबरच्या फलाटांवरून वाशीच्याही गाड्या सुटतात आणि नेरूळ-पनवेलच्याही. वाशीच्या गाडीत बसलीस तर तुर्भ्याला बदलावे लागेल. कोणती कुठली, हे फलाटावरच्या माणसांना विचार. पुढच्या आठवड्यात ठाण्याच्याच वंदना बसस्थानकावरून एसटीने स्वारगेटला जाऊन संध्याकाळी परत ये. महिलांना अर्धे तिकीट आहे, पण परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे तिथल्या चौकशी खिडकीवर तू विचारायचे आहेस. आणि निघण्याआधी एकदा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे एकटी जा. कोणती औषधे सोबत न्यायची, तुला कशाची ॲलर्जी आहे, हे त्यांना विचारून लिहून घे. हे काम तुला क्षुल्लक वाटेल, पण नागपुरात पहिला ताप येईल त्या रात्री वाटणार नाही.

बाबांच्या रजेवरून भांडू नकोस. मूळ कागदपत्रे घेऊन पहिल्या दिवशी महाविद्यालयात हजर व्हायचे असताना वडील सोबत असणे यात कमीपणा नाही. मात्र कार्यालयाच्या खिडकीपाशी तू उभी राहा आणि त्यांना बाहेरच्या बाकावर बसव. शाळा सोडल्याचा दाखला कोणाच्या हातात दिला आणि पोचपावती मिळाली का, हे तुला माहीत असले पाहिजे, त्यांना नसले तरी चालेल. दोन दिवसांनी त्यांना परतीच्या गाडीत तूच बसवून ये. दिवाळीला मात्र एकटी ये. आईला रोज रात्री नऊला फोन करण्याचे वचन दे आणि ते पाळ. नकाशावरच्या ठिपक्याने तिची काळजी कमी होणार नाही, उलट ठिपका हलला नाही की वाढेल.

राहिली घरी कबूल करायची भीती. तीही माझ्याकरवी पोहोचणार नाही. तुझी आई बाविसाव्या वर्षी जळगावहून रात्रीच्या गाडीने नोकरीच्या मुलाखतीला एकटी आली होती आणि पहाटे ठाण्याला उतरल्यावर तिला रडू कोसळले होते, हे तिनेच मला एकदा सांगितले आहे. ते तिने तुला सांगितलेले दिसत नाही. पुढे कोणाला तिने काय विचारले आणि कशी पोहोचली, ते मला आठवत नाही. आज रात्री जेवायला बसाल तेव्हा तिला विचार.

तुझी,
काकू