जॉर्डनमध्ये बाहेरून आलेल्यांचे वंशज पुढे आणि युरोपात मागे, याचं कारण संस्कृती आहे का?

प्रश्नात तुम्ही म्हणताय की जॉर्डनमध्ये बाहेरून आलेल्यांची, म्हणजे मुख्यतः पॅलेस्टिनी निर्वासितांची आणि चेर्केस लोकांची, मुलं-नातवंडं बँकवाले, डॉक्टर, व्यापारी झाली. आणि जर्मनी-बेल्जियममधल्या तुर्की-मोरोक्कन घरांची तिसरी पिढी अजून शाळेत आणि नोकरीत मागेच आहे. मग खाली हळूच विचारलंय, "याचं मूळ त्यांच्या संस्कृतीत तर नसेल?" या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलो. एरवी मी इथे शिलाई मशिनांच्या प्रश्नांपलीकडे जात नाही.

संस्कृतीत नाही. कागदात आणि शाळेत आहे.

मी इचलकरंजीचा. काही वर्षं अम्मानजवळ सहाबच्या औद्योगिक वसाहतीत एका गारमेंट कारखान्यात प्रॉडक्शन बघत होतो. अमेरिकेत ड्यूटीशिवाय माल जातो म्हणून तिथे ही कारखानदारी उभी राहिली. लाइनवर बांगलादेशी, श्रीलंकन, नेपाळी, थोडे आपलेही. मेंटेनन्सला मात्र स्थानिक माणसं, आणि त्यांच्यात एक मेकॅनिक असा होता की ओव्हरलॉक मशिनचा आवाज ऐकून लूपरचं टायमिंग कुठे चुकलंय ते सांगायचा. कारखान्यात त्याला सगळे 'मुअल्लिम' म्हणत, म्हणजे आपल्याकडे वस्ताद म्हणतात तसं. राहायचा अम्मानच्या उत्तरेला, जेराश कॅम्पात. याला लोक गाझा कॅम्पच म्हणतात, कारण १९६७च्या युद्धानंतर गाझातून आलेल्या साडेअकरा हजार लोकांसाठी तो १९६८ साली उभारला. पाऊण चौरस किलोमीटर जागा. मुअल्लिम तिथेच जन्मला.

त्याच्या मुलाला तौजीहीला, म्हणजे तिथल्या बारावीला, नव्वदच्या वर टक्के पडले. मुअल्लिमने कारखान्यात बकलावा वाटला. पुढच्या आठवड्यात माझ्या केबिनमध्ये आला तो पडेल चेहऱ्याने. मुलाला इंजिनिअरिंग करायचं होतं, पण सरकारी विद्यापीठातल्या नागरिकांच्या जागांवर त्याचा हक्क नव्हता. परदेशी विद्यार्थी म्हणून जा आणि परदेशी विद्यार्थ्याची फी भर. बाप जॉर्डनमध्ये जन्मलेला, मुलगा जॉर्डनमध्ये जन्मलेला, आणि फी परदेशी! गाझातून आलेल्यांना जॉर्डनने नागरिकत्व दिलं नाही. दोन वर्षांचा तात्पुरता पासपोर्ट देतात, त्यावर राष्ट्रीय क्रमांक नसतो. तो क्रमांक नसेल तर सरकारी नोकरीचं दारच बंद.

आता खरी गोष्ट ऐका. मुअल्लिमची बायको बाका कॅम्पातली. तोही निर्वासितांचाच कॅम्प, देशातला सगळ्यात मोठा. पण तिचं माहेर वेस्ट बँकचं, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या पॅलेस्टिनी भागातलं, त्यामुळे माहेरचे सगळे जॉर्डनचे नागरिक, तीसुद्धा. तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा त्याच वर्षी पास झाला, मार्क बरेच कमी. त्याला सिव्हिलला सरकारी जागा मिळाली. त्याच्या बापाकडे राष्ट्रीय क्रमांक होता, याच्या बापाकडे नव्हता. जॉर्डनमध्ये नागरिकत्व बापाकडून येतं, आईकडून नाही. (२०१४ साली अशा मुलांना काही सवलती जाहीर झाल्या, नागरिकत्व नाही.) एकच आजी, एकच भाषा, एकच धर्म, एकाच ताटातला मन्साफ खाऊन वाढलेली दोन मावसभावंडं. इथे संस्कृती शोधून दाखवा मला.

मी माझ्या परीने खटपट केली. कंपनीकडे उचल मागितली, वरून नकार आला. मग घरमालकांना विचारलं. घरमालक वेस्ट बँकमधल्या नाबलूसच्या घराण्यातले, कुवेतमध्ये कंत्राटदारी केलेले. १९९०-९१मध्ये इराकने कुवेत बळकावला आणि युद्ध झालं तेव्हा तिथून सुमारे तीन लाख लोक जॉर्डनला परतले, त्यातलेच हे. परतताना पैसा आणला, पश्चिम अम्मानमध्ये बिल्डिंग बांधली, एक मुलगा डॉक्टर, एक दुबईत. म्हणजे तुमच्या प्रश्नातले 'यशस्वी वंशज' ते हेच. त्यांनी माझं ऐकून घेतलं, कॉफी पाजली, मुलासाठी एक पाकीटही दिलं, आणि म्हणाले, "गाझाचा आहे ना, मग काय करणार!" तेही निर्वासित, हाही निर्वासित. पण त्यांच्या खिशात १९५४ होतं.

१९५४ म्हणजे त्या वर्षीचा नागरिकत्व कायदा. १९४८ला पॅलेस्टाइनमधून लोक आले, १९५०मध्ये जॉर्डनने वेस्ट बँक आपल्यात जोडून घेतला, आणि १९५४च्या कायद्याने या सगळ्यांना नागरिक केलं. सहा वर्षांत! त्यात राजाचा स्वार्थ होताच, वेस्ट बँक हवा होता, दानधर्म नव्हता तो. पण परिणाम बघा. पासपोर्ट हातात आल्यावर माणूस कुवेतला, सौदीला जाऊ शकला, पैसे पाठवू शकला, जमीन घेऊ शकला. मुलं संयुक्त राष्ट्रांच्या युनर्वाच्या शाळांत शिकली. दोन-दोन पाळ्यांत भरणाऱ्या खचाखच शाळा, पण दहावीपर्यंत फुकट. आणि मुख्य म्हणजे १९४८ला फक्त मजूर नाही आला, अख्खा समाज आला: शेतकरी, शिंपी, वकील, व्यापारी आणि बँकसुद्धा. अरब बँक १९३०ला जेरुसलेममध्ये सुरू झाली होती, ती १९४८मध्ये अम्मानला हलली आणि तिने पळून आलेल्या ठेवीदारांचे पैसे फेडले. निर्वासित होतानाही ज्याची ठेव शाबूत राहिली त्याची नातवंडं पुढे गेली, तर त्यात आश्चर्य काय?

ज्यांना तो कागद मिळाला नाही त्यांचं काय झालं? जेराश कॅम्पात अर्ध्याहून जास्त लोक दारिद्र्यरेषेखाली निघाले, आणि जॉर्डनमधल्या पॅलेस्टिनी कॅम्पांत सगळ्यात गरीब तोच.

युरोपाचं गणित याच्या उलट्या टोकापासून सुरू झालं. पश्चिम जर्मनीने १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून माणसं मागवली. मागवताना ठरवून अंगमेहनतीची माणसं निवडली. इस्तंबूलच्या भरती कार्यालयात डॉक्टर दात आणि छाती तपासायचे, शिक्षणापेक्षा तब्येतीवरच भर होता. बेल्जियमने १९६४मध्ये मोरोक्को आणि तुर्कस्तानशी करार करून लोकांना लिंबुर्गच्या कोळसा खाणींत उतरवलं. त्यातली शेवटची खाण १९९२ला बंद झाली. जर्मनीने १९७३ला भरती थांबवली, १९८३मध्ये 'साडेदहा हजार मार्क घ्या आणि घरी जा' अशी योजनाही काढली. आणि तिथे जन्मलेल्या मुलांना जन्माने नागरिकत्व मिळायला लागलं कधी? १ जानेवारी २०००. जॉर्डनला सहा वर्षं लागली, जर्मनीला जवळपास चाळीस. या चाळीस वर्षांत बाप म्हणतोय पुढच्या वर्षी गावी जाऊ, सरकार म्हणतंय जाच, आणि मूल शाळेत.

आता माझे साडू. जर्मनीत स्टुटगार्टकडे असतात, सॉफ्टवेअरमध्ये. प्रत्येक गणपतीला व्हिडिओ कॉलवर आरती झाली की त्यांचं पालुपद सुरू: "या तुर्कांना शिक्षणाचे संस्कारच नाहीत हो. आपली मुलं बघा." सगळे माना डोलावतात. मी बोललो की बायको चिमटा काढते.

साडूंच्या मुलीचंच सांगतो, तिची परवानगी घेऊन. जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथी झाली की मुलांची वाटणी होते: कोण गिम्नाझियमला, म्हणजे पुढे विद्यापीठाच्या वाटेला, आणि कोण खालच्या शाळेला. दहा वर्षांचं पोर! शिफारस बाई करतात. साडूंच्या मुलीला बाईंनी खालची शाळा लिहून दिली, भाषा कच्ची म्हणून. साडू आणि मेव्हणी दोघं जाऊन भांडले. त्यांच्या राज्यात तेव्हा शिफारस बंधनकारक नव्हती, हे यांनी वाचून काढलं, मुलीला गिम्नाझियमला घातलं, शिकवणी लावली. पोरगी आज उत्तम चाललीय. साडू याला संस्कार म्हणतात.

साडूभाऊ, तुम्ही पुण्याहून इंजिनिअर होऊन, ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्यांना मिळणारा कामाचा परवाना, घेऊन, कंपनीने काढून दिलेल्या विमानाच्या तिकिटावर गेलात. तुम्हाला नियम वाचता आला, बाईंसमोर खुर्ची ओढून बसता आलं. फोर्डच्या पाळीवरून आलेल्या, जर्मन न येणाऱ्या बापाला काय करता आलं असतं? त्याने बाईंना गुरू मानलं आणि सही केली. बायोएनटेक या जर्मन कंपनीच्या कोविड लशीमागचे, तुर्की घरातले उगुर शाहीन बघा. त्यांचे वडील कोलोनमध्ये फोर्डच्या कारखान्यातच होते. उगुर यांनाही शिक्षकांनी सगळ्यात खालची शाळा सुचवली होती. शेजारचा एक जर्मन माणूस मध्ये पडला म्हणून मुलगा गिम्नाझियमला गेला. ज्यांच्या शेजारी तसा माणूस नव्हता ती मुलं आज कुठे असतील याचा हिशेब कोण ठेवणार?

आणि तुर्की संस्कृतीच आडवी येते म्हणावं, तर तुर्की दुसऱ्या पिढीवर युरोपातल्या बऱ्याच शहरांत टाइस नावाचा एक मोठा अभ्यास झालाय. आईबाप सारख्याच खेड्यांतले, सारखेच कमी शिकलेले. स्वीडन आणि फ्रान्समध्ये, जिथे मुलं लहानपणीच बालवाडीत जातात आणि वाटणी उशिरा होते, तिथली कितीतरी जास्त मुलं उच्च शिक्षणापर्यंत पोचली. जर्मनीत कमी पोचली. उलट फ्रान्समध्ये शिकून बेकार राहणारे जास्त आणि जर्मनीत कमी, कारण जर्मनीची अप्रेंटिसशिप पद्धत पोराला कारखान्याच्या आत नेऊन सोडते. देश बदलला की 'संस्कृती' बदलते का?

आता थोडं माझ्याच विरोधात, नाहीतर प्रतिसादात कोणीतरी म्हणेलच. जॉर्डन काही नमुना नाही. नागरिक झालेल्या पॅलेस्टिनींनाही सैन्यात आणि वरच्या सरकारी खुर्च्यांवर जागा मोजूनमापून मिळते. धंदा त्यांचा, सरकार जॉर्डन नदीच्या पूर्वेकडच्या मूळ टोळ्यांचं, अशी वाटणी १९७०मध्ये सैन्य आणि पॅलेस्टिनी संघटना यांच्यात झालेल्या यादवीनंतर घट्ट झाली. वेहदात (पॅलेस्टिनींचा क्लब) विरुद्ध फैसली (पूर्वेकडच्यांचा) फुटबॉल सामन्याला स्टेडियममध्ये बसा, सगळं ऐकू येईल. २००४ ते २००८मध्ये २,७००हून जास्त लोकांचं नागरिकत्व काढूनही घेतलं गेलं. घरमालकांची मुलगी फार्मसी शिकून घरी बसली होती आणि त्यात नवल नव्हतं, कारण तिथे कामावर जाणाऱ्या बायका शंभरात पंधराच्या आसपास. बर्लिनमधल्या बेकार तुर्की माणसाला जे औषधपाणी मिळतं ते मुअल्लिमला नोकरी असून मिळत नव्हतं. त्यामुळे 'जॉर्डन पुढे' हे सरसकट विधानही मला मान्य नाही.

चेर्केस लोकांचं उदाहरण तुम्ही दिलंय तेही वेगळं आहे. रशियाने कॉकेशसमधून हाकललेले हे लोक १८७८पासून अम्मानमध्ये, रोमन थिएटरच्या आसपास वसले, तेव्हा तिथे शहरच नव्हतं. ऑटोमन सरकारने जमीन दिली. १९२१मध्ये आजच्या राजघराण्याचे पहिले शासक अमीर अब्दुल्ला आले तेव्हा हे त्यांच्या बाजूने उभे राहिले. आजही राजवाड्यातले मानाचे पहारेकरी चेर्केस असतात आणि संसदेत राखीव जागा आहेत. १९५०मध्ये सईद अल-मुफ्ती हा चेर्केस पंतप्रधान झाला. जे राज्याच्याही आधी आले त्यांना स्थलांतरित म्हणायचं तरी कसं?

आणि तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोठी गफलत. जर्मनीतल्या तुर्की मजुराची तुलना जॉर्डनमध्ये करायचीच, तर ती माझ्या लाइनवरच्या बांगलादेशी मुलीशी आणि अम्मानमध्ये प्रत्येक बिल्डिंगच्या खाली एका खोलीत राहणाऱ्या इजिप्शियन वॉचमनशी करा. करार संपला की परत. कुटुंब आणायचं नाही, मूल तिथे वाढवायचं नाही, नागरिकत्वाचा तर विषयच नाही. त्यांचे वंशज मागे पडलेले दिसत नाहीत, कारण त्यांना तिथे वंशज होऊच देत नाहीत. युरोपाने निदान बायकामुलांना येऊ दिलं, म्हणून आज त्यांच्या मुलांचे मार्क मोजता येतात.

मुअल्लिमच्या मुलाने शेवटी सौदीतल्या काकाच्या पैशावर एक डिप्लोमा केला आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान बरं चालतं. मावसभाऊ दुबईत साइट इंजिनिअर आहे.

साडूंना या उत्तराची लिंक पाठवणार आहे. त्यांनी नुकताच जर्मन नागरिकत्वाचा अर्ज केलाय; २०२४पासून आठऐवजी पाच वर्षांत करता येतो. भारताचा पासपोर्ट सोडावा लागणार, तरी करताय, का? असं मी विचारलं तर म्हणाले, "मुलीच्या पुढच्या शिक्षणाला आणि नोकरीला फार फरक पडतो हो."