व्हिडिओ गेम्सची गंभीर समीक्षा व्हावी का, की तो नुसता टाइमपास आहे?

तुम्ही विचारलंय की गेम म्हणजे शेवटी पोरांचा टाइमपास, त्याची पुस्तकासारखी नाहीतर नाटकासारखी समीक्षा कशाला, आणि प्रत्येकजण वेगळं खेळतो तर समीक्षा नेमकी कशाची करायची. माझ्या मते करायलाच हवी. तुमचा दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे, म्हणून आधी तोच घेते.

मी कुडाळची. आमच्याकडे जत्रेत रात्रभर दशावतार चालतो आणि त्याला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, राजा कोण राक्षस कोण ते ठरतं, संवाद मग नट तिथल्या तिथे रचतात, त्यामुळे तेच आख्यान दुसऱ्या गावात गेलं की वेगळं होतं. म्हणून त्यावर कुणी बोलत नाही का? सकाळी चहाच्या टपरीवर ऐका, "आज राजाक काय जमूक नाय", युद्धाआधीचं बोलणं फार लांबलं, पेटीवाल्यानं सांभाळून घेतलं म्हणून निभावलं, असं तासभर चालतं. गोष्टीवर कुणी बोलत नाही कारण ती सगळ्यांना पाठ असते. ही समीक्षाच झाली ना? गेममध्ये तर त्याहून सोपं आहे, तुम्ही कसंही खेळा, नियम सगळ्यांना तेच असतात, काय करू देतात, काय करू देत नाहीत आणि कशाचे पैसे कापतात हे बदलत नाही, बोलायचं ते त्यावर.

उदाहरण देते. 'पेपर्स, प्लीज' नावाचा गेम आहे, 2013 चा, लुकास पोप या एकट्या माणसानं बनवलेला. अर्स्टोट्झका नावाचा काल्पनिक हुकूमशाही देश, साल 1982, आणि तुम्ही सीमेवरचे तपासनीस, लोक कागद घेऊन येतात, तुम्ही तारखा, फोटो, शिक्के जुळवून पाहायचे आणि आत सोडायचं की परत पाठवायचं ते ठरवायचं. पगार माणशी, म्हणजे जितके लोक तपासाल तितके पैसे, आणि दिवस संपला की भाडं, जेवण, हीटर, औषध असा घरचा हिशोब समोर येतो. एकदा एक नवरा येतो, त्याचे कागद बरोबर असतात, तो जाताना सांगतो की मागून माझी बायको येतेय, तिच्याशी नीट वागा. तिच्याकडे परवाना नसतो. दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद मिळते, त्यानंतर दंड. आता होतं काय, की तुम्ही त्या दोन ताकिदी जपून वापरायला लागता, दया कुणावर करायची याचं बजेट करायला लागता, आणि हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नसतं, नियमांनी ते तुमच्याकडून करून घेतलेलं असतं. टेबलसुद्धा मुद्दाम इतकं छोटं दिलंय की कागद एकावर एक पडतात, नवे नियम येतात तसे आणखी कागद येतात आणि घाईत तुम्ही समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचंच सोडून देता. साधी माणसं अशा व्यवस्थेत कशी सामील होत जातात हे मला एवढं आतून दुसऱ्या कशातच कळलं नव्हतं. हे कुठल्या ग्राफिक्सच्या रिव्ह्यूत येणार?

आपल्याकडे गेमबद्दल काय लिहून येतं बघा, एक तर फोन हँग होतो का, आणि दुसरं म्हणजे मुलगा गेमच्या नादात अमुक करून बसला. सप्टेंबर 2020 मध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली तेव्हा केवढी चर्चा झाली, पण घराघरात खेळला जाणारा तो गेम पोरांना का धरून ठेवतो, खेळायची जागा कमी करत आकसत जाणारा तो गोल काय करतो, चौघांची टीम करून खेळताना बोलणं कसं होतं, यावर मराठीत मला तरी काही वाचायला मिळालं नाही. व्यसनाची काळजी आहे ना, मग ते लावणारी रचना उलगडून दाखवणारा माणूस हवाच, नुसता मोबाईल काढून घेऊन ते कळत नाही.

आणि काही गोष्टी आपणच लिहू शकतो. 'राजी' हा 2020 मधला गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केला, भावाला शोधत निघालेली एक मुलगी, दुर्गा, विष्णू, असुर वगैरे. त्यात कथेचे भाग छायाबाहुल्यांसारखे दाखवलेत. बाहेरचा समीक्षक 'सुंदर भारतीय शैली' म्हणून पुढे जाईल. पण आमच्या कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची, आणि छायाबाहुल्यांची परंपरा आहे, परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 ला पद्मश्री मिळाली. ते खेळ बसून बघितलेला माणूस विचारेल की इथे बाहुलीची लय आलीय का नुसतं रूप आलंय. मला विचाराल तर रूप आलंय, लय कमी आलीय, आणि शेवट फारच तुटक झालाय. हा गेम मला आवडतो म्हणूनच हे सांगते, आपल्याकडचा म्हणून नुसती पाठ थोपटणं मला पटत नाही.

रॉजर एबर्ट या मोठ्या सिनेसमीक्षकानं 2010 मध्ये लिहिलं होतं की गेम कधीच कला होणार नाहीत, कारण त्यात जिंकायचं असतं. त्याच वर्षी त्यांनी मान्य केलं की आपण खेळून न बघता बोललो, मत मात्र सोडलं नाही. मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण 'पेपर्स, प्लीज'मध्ये नियम पाळून 'जिंकणं' हेच सगळ्यात बोचतं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं 2012 मध्ये 14 गेम संग्रहात घेतले, तरी मी त्याला पुरावा म्हणून फार महत्त्व देत नाही, म्युझियमनं घेतलं म्हणून आपल्याला कळलं असं होत नाही.

तुम्हाला स्वतःला करून बघायचं असेल तर 'पेपर्स, प्लीज' आता मोबाईलवर पण मिळतो, विकत घ्या, हळूहळू खेळा, आणि लिहायला बसलात की गोष्ट दोन ओळीत उरकून टाका, बाकी सगळी जागा गेमनं तुमच्याकडून काय करून घेतलं त्याला द्या.