'जट' या शब्दाचा अर्थ काय, तो कुठून आला? ड्रेडलॉक्सना जट म्हणावं का?

संस्कृत 'जटा'वरून आपली 'जट' आली. गुंतून, चिकटून एकजीव झालेले केस, एवढाच अर्थ. 'जटिल'ही त्यातलाच. कालिदासाच्या कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात पार्वतीपुढे येणारा बटू 'जटिल' आहे, म्हणजे जटा असलेला. या शब्दात देवी कुठेच नाही, आणि मला नेमकं तेच सांगायचंय.

आमच्या कोल्हापूरकडे 'जट आली' म्हणतात. माझ्या आत्याला आली तेव्हा थोरल्या काकांनी ठणकावलं, यल्लम्मा देवीची आहे, फणी लावायची नाही. मग तेल बंद, डोक्यावरून न्हाणं बंद, मंगळवारी-शुक्रवारी जटेला हळद-कुंकू. घाम, धूळ, हळद साचून ती काथ्याच्या दोरासारखी टणक झाली. आत उवा. मान एका अंगाला कलली, रात्री कूस बदलता येईना. शेवटी आत्यानेच मला बाजूला घेऊन विचारलं, "कापशील का गं?" मी कापली. कात्री एकदम चालतच नव्हती, मुळापाशी थोडे थोडे केस मोकळे करत जावं लागलं. खालची कातडी ओली, पांढरी पडलेली. झाल्यावर ती कितीतरी वेळ नुसती मान इकडून तिकडे फिरवत होती. काकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मला त्या कामाचा आजही अभिमान आहे.

काकांचा मुद्दा एकच, जट आपोआप येते, माणसाच्या हातात नसते. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात राम गुहाकडून वडाचा चीक मागवतो आणि स्वतःच्या नि लक्ष्मणाच्या जटा करतो. म्हणजे केली की होते. आणि विंचरणं सोडलं तरी होते.

ड्रेडलॉक्स हा जमैकाच्या रास्ताफारी पंथाच्या लोकांकडून जगभर गेलेला शब्द. त्यांचा इतिहास वेगळा, म्हणून नाव त्यांचंच राहू दे. आवडीने ठेवणारे ते धुतात, निगा राखतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. साधूंशीही नाही. ज्याचं डोकं त्याने ठरवावं.

पण घरातल्या बाईच्या केसांत गुंता दिसला तर लगेच खोबरेल चोळून बोटांनी सोडवा. जट जुनी असेल तर ती बाई कापायला तयार होईपर्यंत थांबा, बळजबरी नको. अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते हे काम समजुतीने करतात, त्यांना बोलवा. आणि 'देवी कोपेल' असं कुणी म्हणालं तर माझ्या आत्याचं सांगा. सत्तरी उलटली, वेणी स्वतःची स्वतः घालते, आणि काकांनी भाकीत केलेलं एकही अरिष्ट आमच्या घरावर आलेलं नाही.